गावच्या शेडमधला जुना ट्रॅक्टर विकायचा की ठेवायचा? महिंद्रा, मॅसी, आयशर, एचएमटी, फोर्ड, स्वराज : कोणाची ताकद कशात आणि दुखणं कशात

भाईंदरहून चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडली की मीरा रोड, दहिसर, बोरिवली आणि चौथं स्टेशन कांदिवली. मीरा-भाईंदरचे हजारो लोक रोज हा प्रवास करतात. पण कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रोडवर भारतीय शेतीच्या इतिहासातला एक मोठा पत्ता आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. महाराष्ट्राच्या कितीतरी गावांनी पाहिलेला पहिला लाल ट्रॅक्टर याच कारखान्यातून बाहेर पडला.

आता दुसरी बाजू बघा. मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या अनेकांचं मूळ गाव साताऱ्यात, जळगावात नाहीतर कोकणात आहे. भावकीची शेती तिथेच आहे. आणि काही घरांच्या शेडमध्ये आजोबांनी किंवा काकांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर अजून उभा आहे. मग कधीतरी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, "भंगारवाला चांगला भाव देतोय, देऊन टाकू का?" काका म्हणतात, अजून एका सेल्फमध्ये चालू होतो. पुतण्या म्हणतो, त्याच्या दुरुस्तीवर घालवायचे पैसे नव्याच्या हप्त्याला लावू. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाद तिथेच अडकतो.

या वादाचं उत्तर "जुनं ते सोनं" असं नाही आणि "जुनं ते भंगार" असंही नाही. ट्रॅक्टर कोणता, त्याचे पार्ट मिळतात का आणि त्याच्याकडून काम कोणतं करून घ्यायचंय, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. म्हणून आधी ट्रॅक्टर ओळखून घेऊ.

जुना ट्रॅक्टर म्हणजे नक्की काय?

इथे जुना म्हणजे साधारण १९६० ते १९८० च्या दशकात भारतात बनलेला ट्रॅक्टर. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल किती सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवतो. स्टेअरिंग हाताच्या ताकदीवर फिरतं. हवा गाळायला तेलात भिजलेली जाळी असते, ज्याला ऑइल बाथ फिल्टर म्हणतात. ब्रेकही बहुतेक कोरडे.

याचा फायदा सरळ आहे. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो आणि तालुक्याचा फिटर तो पाना-हातोडीने दुरुस्त करतो. लॅपटॉप लावून दोष शोधायची गरज नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं. त्यांचा धूर कमी झाला, पण झाडाखाली बसून होणारी दुरुस्ती अवघड झाली.

तोटाही याच गुणातून येतो. जे हाताने दुरुस्त होतं, त्याकडे हाताने सतत लक्षही द्यावं लागतं. ऑइल बाथमधलं तेल वेळेवर बदललं नाही तर धूळ थेट इंजिनात जाते आणि लाईनर-पिस्टन झिजतात. साधं यंत्र माफ करतं, पण दुर्लक्ष विसरत नाही.

१. महिंद्रा बी-२७५ : कांदिवलीचा बैल

१९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा इंग्लंडमधला बी-२७५ हा ३५ एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि १९८३ मध्ये महिंद्रा देशात सर्वाधिक ट्रॅक्टर विकणारी कंपनी ठरली.

ताकद : जड आणि दणकट बीडाची बॉडी, कमी फेऱ्यांवर चांगली ओढ. नांगरट असो की ट्रॉली, दम धरून खेचतो. सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे कंपनी चालू आहे, २७५ हे नाव पुढेही चालू राहिलं आणि पार्ट व माहीतगार फिटर गावोगाव सापडतात.

दुखणं : जुन्या मॉडेलचं स्टेअरिंग जड, ब्रेक आजच्या मानाने कमजोर. आणखी एक गोष्ट, २७५ नावाचे सगळे ट्रॅक्टर एक नाहीत. नावापुढे "डीआय" असेल तर ते डायरेक्ट इंजेक्शनचं नंतरचं इंजिन. यात डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारलं जातं, म्हणून ते थंडीत लवकर चालू होतं आणि डिझेलही कमी खातं. पार्ट आणताना नुसतं "२७५ चं द्या" म्हणून चालत नाही, इंजिन नंबर सांगावा लागतो.

२. मॅसी फर्ग्युसन : हलका, पण हुशार

हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने ट्रॅक्टरच्या मागे औजार जोडण्याची पद्धतच बदलली. आज प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारे तीन दांडे ही त्याची देणगी. नांगर जमिनीत रुतला की वरच्या दांड्यावर दाब येतो. तो दाब ओळखून हायड्रॉलिक लिफ्ट नांगर किंचित वर घेते आणि औजाराचा भार मागच्या चाकांवर येतो. म्हणजे जितकी ओढ जास्त, तितकी चाकांची पकड जास्त. म्हणूनच हलका ट्रॅक्टरही जड काम करू शकतो.

त्याच्या टीई-२० मॉडेलचे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच फर्ग्युसन ट्रॅक्टरना पट्टे बसवून. भारतात चेन्नईच्या टॅफे कंपनीने १९६० नंतर मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतले आणि पुढे १०३५ हे मॉडेल घराघरांत पोहोचलं.

ताकद : अचूक लिफ्ट, वळायला सोपा, तीन सिलिंडरचं शांत इंजिन. पेरणी, कोळपणी, मशागत अशा नाजूक कामांत जुना मॅसी अजून हार जात नाही.

दुखणं : वजन कमी. जड ट्रॉली लावून चढ चढताना पुढून उठतो. लिफ्टचं पोट नाजूक असतं, गढूळ तेलाने आधी तेच बिघडतं. परदेशातून आलेला १९५६ ते १९५९ दरम्यानचा चार सिलिंडर डिझेलचा मॅसी-३५ हाती लागला तर जपून, कारण ते इंजिन थंडीत चालू व्हायला कुरकुर करण्यासाठी प्रसिद्ध होतं. नंतर तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन आलं आणि ती तक्रार संपली.

३. आयशर : रेडिएटर नसलेला काटकसरी

एप्रिल १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. मूळ तंत्र जर्मनीच्या आयशर बंधूंचं. २००५ मध्ये हा ट्रॅक्टर व्यवसाय टॅफेने घेतला.

ताकद : जुनी आयशर इंजिनं हवेवर थंड होणारी. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाईप नाही, पाणी गळायचा प्रश्नच नाही. एक-दोन सिलिंडरचं छोटं इंजिन डिझेल बेताने खातं. पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याला हे गणित जमायचं.

दुखणं : आवाज आणि हादरे. दिवसभर चालवल्यावर अंग बोलतं. आणि हवेवर थंड होणारं इंजिन म्हणजे त्याच्या पंख्यांमध्ये म्हणजेच फिन्समध्ये भुसा, धूळ आणि तेलाचा राप बसता कामा नये. मळणीच्या दिवसांत साफसफाई चुकली की इंजिन तापतं, आणि पाण्याचा काटा नसल्यामुळे ते उशिरा कळतं.

४. एचएमटी झेटर २५११ : घड्याळवाल्यांचा ट्रॅक्टर

मनगटावरच्या घड्याळामुळे एचएमटी सगळ्यांना माहीत आहे. याच सरकारी कंपनीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पहिलं मॉडेल २५११, दोन सिलिंडर, २५ एचपीचं.

ताकद : झेटरने दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये बरेचसे पार्ट सारखेच ठेवले होते. त्यामुळे एका मॉडेलचा सुटा भाग दुसऱ्याच्या कामी येतो. लाईनर काढून नवे घालता येतात, इंजिन काम करणं सोपं जातं. लोखंड उत्तम, ही ख्याती आजही आहे.

दुखणं : कंपनी आता ट्रॅक्टर बनवत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. आता भरवसा बाहेरच्या पार्टवर आणि भंगारात निघालेल्या दुसऱ्या एचएमटीवर. ज्याच्या तालुक्यात एचएमटी जाणणारा फिटर आहे, त्याच्यासाठी हा सोन्यासारखा. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी शेडमधली शोभा.

५. फोर्ड ३००० आणि ३६०० : रस्त्याचा राजा

एस्कॉर्ट्स आणि फोर्ड यांच्या भागीदारीतून १९७१ पासून फरिदाबादला फोर्ड ट्रॅक्टर बनू लागले. निळा-पांढरा फोर्ड दारात असणं म्हणजे त्या काळी गावात मान होता.

ताकद : तीन सिलिंडरचं ताकदवान इंजिन, चांगला वेग. ऊस किंवा विटांची ट्रॉली ओढायला आणि लांबच्या वाहतुकीला चालकांचा लाडका.

दुखणं : डिझेलचा हात सैल. आणि यात एक खाचखळगा आहे. या इंजिनात वेगळे लाईनर नसतात, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. ते झिजले की ब्लॉक बोअर करायला मशीन शॉपमध्ये न्यावा लागतो. जे काम एचएमटीत लाईनर बदलून भागतं, ते फोर्डमध्ये मोठं होतं.

६. स्वराज ७२४ आणि ७३५ : देशी डोकं

वरचे पाचही ट्रॅक्टर परदेशी आराखड्यावर बनले. स्वराज मात्र दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी आखला. पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ मध्ये मोहालीत ७२४ बाजारात आणला. १९८५ मध्ये इंजिन बनवण्यासाठी स्वराज इंजिन्स ही कंपनी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या भागीदारीत सुरू झाली. २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राने घेतली, म्हणजे हाही शेवटी कांदिवलीच्याच कुटुंबात आला.

ताकद : साधेपणा. इथल्या धुळीचा, इथल्या फिटरचा आणि इथल्या खिशाचा विचार करून बनवलेला. पार्ट स्वस्त आणि आजही सहज मिळणारे.

दुखणं : चालकाच्या आरामाचा विचार कमी. हादरे, जड क्लच आणि खरखरीत गिअर ही जुन्या स्वराजची ओळख.

महाराष्ट्राचा आणखी एक ट्रॅक्टर सांगायलाच हवा. १९७४ मध्ये नाशिकला जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने किर्लोस्कर ट्रॅक्टर सुरू झाला होता. आज तो क्वचित दिसतो. कुणाच्या शेडमध्ये असेल तर रोजच्या कामाला लावण्याआधी पार्ट कुठून येणार हे पाहून घ्यावं.

जुन्याला काय जमतं, काय नाही?

इथे बहुतेक घरांचा अंदाज चुकतो. ३५ एचपीचा जुना आणि ३५ एचपीचा नवा ट्रॅक्टर कागदावर सारखे, शेतात नाहीत.

फणपाळी, पेरणी, पाण्याचा पंप चालवणं, मळणी यंत्र फिरवणं, शेणखताची ट्रॉली वावरात नेणं ही कामं तब्येत बरी असलेला जुना ट्रॅक्टर आरामात करतो.

रोटाव्हेटरचं काम मात्र वेगळं. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये एकच क्लच असतो. गिअर बदलायला क्लच दाबला की चाकांबरोबर मागचा पीटीओही थांबतो आणि रोटाव्हेटर मातीत अडकतो. शिवाय रोटाव्हेटरला अगदी हळू चाल लागते, आणि जुन्याचा पहिला गिअरही अनेकदा त्यासाठी पळता असतो. लोडर लावणं तर टाळलेलंच बरं. पुढचा ॲक्सल आणि हाताचं स्टेअरिंग त्या वजनासाठी बनलेलं नाही.

उत्तन-डोंगरीपासून कोकणापर्यंत लहान भातखाचरं आहेत. तिथे चिखलणीला जड जुना ट्रॅक्टर उतरवला तर तो रुतून बसतो. अशा ठिकाणी पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टरच कामाचा.

जिथे हळवं होऊन चालत नाही

जुन्या ट्रॅक्टरची सगळ्यात मोठी कमजोरी इंजिनात नाही, ती चालकाच्या डोक्यावर आहे. तिथे काहीच नाही. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरना सक्तीची केली आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर फार तर उन्हासाठी कापडी छत असतं.

ट्रॅक्टर मागे उलटतो तो बहुधा असा : ट्रॉली किंवा ओंडका अडकलेला असतो, साखळी मागच्या ॲक्सलच्या वर बांधलेली असते आणि चालक क्लच झटकन सोडतो. चाकं अडकली की ट्रॅक्टरचं तोंड वर येतं आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधायची.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल पट्टीने जोडलेली हवीत. जुन्या ट्रॅक्टरची ही पट्टी बऱ्याचदा तुटलेली किंवा हरवलेली असते. भरधाव ट्रॉलीसह एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होतो.

तिसरी गोष्ट पीटीओची. तो मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. त्यावरचं संरक्षक झाकण जुन्या ट्रॅक्टरवर क्वचितच शिल्लक असतं. साडीचा पदर, उपरणं किंवा सैल बाही अडकली तर हात मागे घ्यायला सेकंदही मिळत नाही.

ही तीन कामं, म्हणजे चौकट, ब्रेकची पट्टी आणि पीटीओचं झाकण, रंगरंगोटीच्या आधी करायची. यांचा खर्च इंजिन कामापुढे किरकोळ आहे.

कागदपत्रांचं काय?

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आजोबांच्या नावावरची आर.सी. वारसांच्या नावावर झालेली नसेल तर आधी ते काम. जुन्या कर्जाची नोंद आर.सी.वर राहिली असेल तर बँकेचा ना हरकत दाखला घेऊन ती उतरवावी लागते.

"५० वर्षं झाली, आता व्हिंटेज नंबर मिळेल" असे मेसेज फिरतात. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार "व्हीए" अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांसाठी आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. म्हणजे ट्रॅक्टर हौसेने जपला तरी रस्त्यावर न्यायला साधी नोंदणी चालू हवीच.

दहा मिनिटांत तब्येत कशी ओळखायची?

ट्रॅक्टर विकत घेत असाल किंवा घरचाच ठेवायचा की नाही ठरवत असाल, एवढं बघा :

- ट्रॅक्टर पूर्ण थंड असताना सेल्फ मारा. आधीच गरम करून ठेवलेला ट्रॅक्टर बरंच काही लपवतो.
- निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन काम जवळ आलं. लोड नसतानाही काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा पंप-नोझल बिघडलेत. पांढरा धूर थांबतच नसेल तर कॉम्प्रेशन कमी किंवा पाणी आत जातंय.
- ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून वाफेसारखा जोराचा झोत येत असेल तर पिस्टन-रिंग झिजल्या.
- औजार उचलून इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांत ते जमिनीवर आलं तर लिफ्टचं काम निघालं.
- स्टेअरिंगला मोकळी खेळ किती आहे, पुढची चाकं हलवल्यावर किंगपिन वाजतात का, ओढताना गिअर निसटतो का, हे चालवून बघा.
- इंजिन आणि चेसिस नंबर आर.सी.शी अक्षरन् अक्षर जुळवा.

मग ग्रुपवर उत्तर काय द्यायचं?

पार्ट मिळणारा ट्रॅक्टर असेल, म्हणजे महिंद्रा, मॅसी, स्वराज, आणि काम वर्षातले थोडेच दिवस असेल, तर जुना ठेवणं शहाणपणाचं. वर्षातले दहा महिने उभ्या राहणाऱ्या नव्या ट्रॅक्टरचा हप्ता मात्र बारा महिने जातो.

रोटाव्हेटरची कामं घ्यायची असतील, भाड्याने चालवायचा असेल किंवा रोज रस्त्यावर ट्रॉली न्यायची असेल, तर काकांचा हट्ट बाजूला ठेवून नव्याचा विचार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे हिशोब पुन्हा मांडून बघायला हरकत नाही.

एचएमटी, जुना फोर्ड किंवा नाशिकचा किर्लोस्कर असेल आणि फिटर सापडत नसेल, तरीही भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एक फोन करा. तेच मॉडेल चालवणारा दुसरा शेतकरी शोधा. किलोवर विकला जाणारा गिअरबॉक्स त्याच्यासाठी चालू हंगाम वाचवणारा पार्ट असतो, आणि तो भंगारापेक्षा चांगली किंमत देतो.

आणि चालवायचा ठरलाच, तर पहिला खर्च डोक्यावरच्या चौकटीचा. रंग नंतर.